ताटावरचं फडकं

"आवळ, अजून आवळ! पोराचा श्वास कोंडला म्हंजी सुटशील एकदाची."

असुंता म्हातारी चुलीपुढं बसून जव भाजत होती. तिची सून तार्हेलिया दाराच्या उजेडात उभी राहून कमरेला विणलेला पट्टा गुंडाळत होती. लग्नात त्या पट्ट्याचे सात वेढे बसले होते. आता ओढूनताणून सहा बसत, आणि सहावा कुठं संपतो ते म्हातारीच्या नजरेतून सुटत नव्हतं.

"हळू बोला, आत्ती. भिंतीपल्याड मानसं हायती."

"असू देत की! चोरीचं हाय का पोर? माझ्या एलियासचं हाय. सणाला आलता, चार दिस ऱ्हायला, परत ऊस तोडाया समिंदराकडं गेला."

"चोरीचं न्हाई. पन अजून अठ्ठावीस दिस चोरीचं असल्यागतच वागाया पायजे."

आमच्या खोऱ्यात तेव्हा गुलाब नवे होते. लहानपणी ज्या जवाच्या शेतांतून आम्ही लपाछपी खेळलो, तिथं प्लॅस्टिकची घरं उभी राहिली होती. आमच्या कोचालोमा गावाच्या उतारावरून पाहिलं तर खाली तळं साचल्यासारखं दिसे. गावातल्या निम्म्या बाया तिथं जायच्या. नव्या बाईला कंपनी नव्वद दिवस पारखायची. काम पसंत पडलं तर कागदावर सही आणि हातात विम्याचं कार्ड. त्या कार्डावर काय्याम्बे शहरातल्या दवाखान्यात बाळंतपण व्हायचं, डॉक्टर, नर्स, पांढरी खाट, सगळं.

तार्हेलियाचे बासष्ट दिवस भरले होते आणि पोटात चौथा महिना होता.

तिला ते कार्ड कशाला हवं होतं, हे गावाला सांगायची गरज नव्हती. दोन वर्षांमागं तिचं पहिलं मूल याच चुलीपाशी आडवं आलं होतं. सुईण दीड दिवस झटली. मूल गेलं, आई कशीबशी राहिली. तेव्हापासून तार्हेलिया चुलीच्या त्या बाजूला बसत नसे.

आणि अडचण अशी की कार्डासाठी पॉलीहाऊसात नव्वद दिवस काढायचे, आणि तिथं आठवड्यातून दोनदा फवारणी. रबरी कपडे घातलेले गडी एका वाफ्यावर औषध मारत, आणि दोन वाफे सोडून बाया उघड्या तोंडानं कळ्या खुडत. पोराला वाचवायचं म्हणून पोराला रोज त्या वासात न्यायचं. आधी सांगावं तर काम जाणार. नंतर सांगावं तर तोवर पोटातल्या जिवाचं काय होणार, कोण जाणे. घरी निघताना ती रोज ठरवायची की उद्या सांगू, आणि रोज खाली उतरताना ते शब्द गिळून टाकायची.

"माझं ऐक," म्हातारी म्हणाली. "आमच्या वक्ताला जमीनदाराचा कारभारी व्हता. लई खाष्ट. नुसता घोड्यावरनं आला तरी बायांचं हात थरथरायचं. एलियास पोटात असताना म्या ताट घेऊन त्येच्या दारात गेले. बटाटं, वर चुलीमागचं चार कुय भाजल्यालं, वर धुतल्यालं फडकं. त्येच्या बायकूनं फडकं उचललं आन् झाली की पोराची धर्ममाय! मग कुनाची छाती झाली न्हाई मला शेतावरनं हाकलायची. धर्माच्या भैनीला कोन हाकलतं?"

"तो कारभारी मेला, त्येची बायकू बी मेली. आता काय इंजिनेर साह्यबाला ताट नेनार? त्यो किटोचा, राजधानीचा मानूस. त्येला वाटंल, डबा आला."

"साह्यबाला कशाला? मुकादम आपल्याच गावची पोर हाय."

तार्हेलियाच्या हातातलं पट्ट्याचं टोक निसटलं. "आत्ती, पाया पडते. ताटाचं नाव बी काढू नगा."

"बरं बाई, न्हाई काढत," म्हातारी म्हणाली, आणि भाजलेले जव तिनं असे ढवळले की अर्धे चुलीत सांडले.

आमच्याकडं ताट नेणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे. फडकं उचललं की नातं जडलं, ते मरेपर्यंत. ताट तसंच परत आलं तर दोन्ही घरं गावाच्या तोंडी. म्हणून ताट निघालं की गल्लीतलं शेंबडं पोरही ओळखतं, काय मागायला चाललेत.

त्या दिवशी शनिवार होता. खोऱ्यात सकाळपासून बारीक पाऊस, आणि काळ्या मातीचा चिखल घोट्यापर्यंत. पॉलीहाऊसात मात्र घाम फुटत होता. फेब्रुवारीत गोऱ्या लोकांचा प्रेमाचा सण असतो, त्याच्या फुलांची घाई चालली होती. मुकादम मार्लेन वही घेऊन वाफ्यावाफ्यातून फिरत होती. तिशीची, सडपातळ, दोन पोरांची आई. नवरा नाही.

तेरान साहेब, म्हणजे इंजिनिअर, दारात येऊन उभा राहिला. दर शनिवारी तो एकच विनोद करायचा.

"काय मार्लेन, गुलाबाशिवाय आणखी काही फुगतंय का इथं?"

"न्हाई साह्यब."

"सण झाला की निम्म्या बायका कमी करायच्यात. पाहून ठेव."

साहेब गेला. शेजारच्या वाफ्यावरची बाई तार्हेलियाच्या कानाशी आली. "लुसमिलाला धाडली ना घरी, सत्तराव्या दिशी. म्हनं, फुलांची देठं वाकडी तोडती. सरळच तोडायची गं बिचारी. पोट तेवढं सरळ न्हवतं."

तार्हेलिया हसली. हसावंच लागलं. पट्टा बरगड्यांत रुतत होता.

शनिवारी मुकादम दुपारीच घरी जायची, बाया चारपर्यंत थांबायच्या. तार्हेलिया चढ चढून घरी आली तेव्हा चूल विझलेली होती. चुलीमागं एरवी पाळलेल्या कुयांची, त्या सशागत गुबगुबीत जनावरांची, कुईकुई चाललेली असायची, तिथं दोनतीन पिल्लं तेवढी गवतात अंग चोरून बसली होती. मोठी चारही नव्हती. खुंटीवरचा म्हातारीचा नवा घागरा नव्हता.

भिंतीवरून शेजारीण डोकावली. "अगं, तुझी सासू ताट घेऊन गेली की वरच्या आळीला! कशी नवरीवानी नटली व्हती. काय गं, गोड बातमी?"

तार्हेलिया चिखलातून धावत सुटली. वाटेत दोन दारांत बायका उभ्या होत्या, त्या एकमेकींकडं बघून गालात हसल्या.

मार्लेनच्या घरात असुंता भिंतीला टेकून ऐटीत बसली होती. मधे ताट होतं, आणि त्यावरचं फडकं अजून जागचं हललं नव्हतं. मार्लेन समोर उभी होती, दोन्ही हात पाठीमागं धरून.

"ये," मार्लेन म्हणाली. "तुझ्या सासूनं माझ्या गळ्याला फास लावलाय, तो बघाया ये."

"फास कसला पोरी, मान दिला तुला!" म्हातारी म्हणाली.

"मान? आवं आजी, मला दर शनवारी साह्यब इचारतो. आजबी म्या न्हाई म्हनाले. तवा मला ठावं नव्हतं. आता ठावं झालं. आता न्हाई म्हनले तर ते खोटं, आन् साह्यबाला कळलं तर मीबी घरी. माझ्या पोरांस्नी काय गुलाबाची पानं चारू?"

"मग सांग जा," तार्हेलिया म्हणाली. "सोमवारी सांग. निदान त्या वासातनं तरी सुटन."

मार्लेननं तिच्याकडं पाहिलं. मग ताटाकडं. फडक्याखालून भाजल्या मांसाची वाफ येत होती.

"परत धाडू?"

म्हातारीचा चेहरा उतरला. तोवर तिला तिची चूक कळलीच नव्हती. आता ती बारीक आवाजात म्हणाली, "परत नगं धाडूस, पोरी. ताट घेऊन त्याच वाटंनं म्या कशी जाऊ? सगळी दारात हायती."

"म्हनूनच तर!" मार्लेन कडाडली. "सगळी दारात हायती! ताट गुपचूप न्यायचं असतं आजी, पन तुमी तर मिरवनूक काढली!"

मग ती वळली. खिडकीतून तिनं गल्लीत पाहिलं. पलीकडच्या कट्ट्यावर तीन बाया शेंगा सोलत बसल्या होत्या, आणि तिघींच्या शेंगा जागच्या जागी होत्या.

"ताट कशाकशाला नेत्यात, आजी?"

"पोराला. लग्नाला." म्हातारी घुटमळली. "आन् छपराला. नवं छप्पर चढवताना."

मार्लेननं खाली वाकून फडकं उचललं. एक बटाटा तोंडात टाकला, तो हातात धरण्याइतकाही निवला नव्हता. तशीच दारात गेली आणि भरल्या तोंडानं ओरडली, "ऐकलं का गं! असुंता आजीच्या घरावर नवं छप्पर चढतंय! मला छपराची धर्ममाय केली! आढ्यावर क्रूस मीच लावनार! येत्या रविवारी समद्यांनी या!"

शेंगा सोलणाऱ्या तिघींनी एकमेकींकडं पाहिलं. मग कट्ट्यावरची एक म्हणाली, "येऊ की. कौलं आमच्याकडं हायती थोडी."

घरात म्हातारी कुजबुजली, "आगं पन आमचं छप्पर तर चांगलं हाय."

"आता न्हाई चांगलं," मार्लेन म्हणाली. आणि तार्हेलियाकडं वळून, हळू, "तू मला काय सांगितलं न्हाईस. तुझी सासू छप्पर बोलली. फवारनीच्या दिशी म्या तुझ्यावर वरडीन, शिव्या घालीन, बाहेर बादल्या घासाया हाकलीन. रडायचं असलं तर थोडं रड. साह्यबाला बरं वाटतं."

त्या रविवारी साऱ्या आळीनं असुंताचं धडधाकट छप्पर उतरवलं. वीस वर्षांत त्यातून थेंब गळला नव्हता. माणसांनी कौलं काढून ओळीनं हातोहात खाली दिली, वासे पुसले, तेच पुन्हा चढवले, मधूनमधून शेजाऱ्यापाजाऱ्यांची आणलेली कौलं घातली म्हणजे नवं दिसावं. पावसानं दुपारी सगळ्यांना एकदा झोडपलं. घरातलं अंथरूण भिजलं. म्हातारी अंगणात उभी राहून आपलं घर उघडं पडलेलं बघत होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "लई गळत व्हतं बाई, लई." ऐकणारा मान हलवायचा, "व्हय आजी, गळत असनारच."

कुणी काही विचारलं नाही. तार्हेलिया कौलांच्या ओळीत उभी राहायला गेली तेव्हा मात्र एका म्हाताऱ्यानं तिला खांद्याला धरून बाजूला केलं आणि चुलीपाशी बसवलं. ती त्या बाजूला बसली. उठली नाही.

पुढचे दिवस तिनं बादल्या घासून काढले. मार्लेनच्या शिव्या साऱ्या पॉलीहाऊसात दुमदुमायच्या. "मेली कामचुकार!" फवारणी सुरू झाली की ती बाहेर पावसात, बर्फासारख्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून. बोटांना भेगा पडल्या. पण सगळ्या फवारण्या चुकल्या नाहीत. दोनदा साहेब स्वतः उभा होता, तेव्हा मार्लेनला ओरडायचं निमित्त सापडलं नाही, आणि तार्हेलियानं ओढणीचं टोक दातांत धरून कळ्या खुडल्या. त्या दोन दिवसांचं ती पुढं कधी कुणाशी बोलली नाही.

सण झाला. निम्म्या बाया कमी झाल्या; नावं मार्लेनच्या वहीतली, त्यांत तार्हेलियाचं नव्हतं. नव्वदाव्या दिवशी कागदावर तिनं सही केली, मोठ्या अक्षरांत, सावकाश. कार्ड हातात आलं. ते तिनं चोळीच्या आत ठेवलं.

एक्याण्णवाव्या दिवशी ती साहेबाच्या खोलीत गेली. पट्टा त्या दिवशी चारच वेढे होता.

साहेबानं आधी पोटाकडं पाहिलं, मग कागदांच्या गठ्ठ्याकडं, मग पुन्हा पोटाकडं. "कितवा?"

"पाचवा, साह्यब."

"आणि आज सांगतेस?"

"आज सांगते."

त्यानं मार्लेनला हाक मारली. मार्लेन दारात आली, वही छातीशी धरून. "तुला माहीत होतं?"

"मला कुनी काय सांगितलं न्हाई, साह्यब."

साहेब बराच वेळ पेन टेबलावर आपटत राहिला. काढून टाकता येत नव्हतं, कायदा होता. पण माणसाला आपण होऊन जायला लावता येतं, तेही त्याला ठाऊक होतं.

"ठीक. तुझं पॉलीहाऊस बंद. उद्यापासून थंड खोलीत, पॅकिंगला. आठ तास उभ्यानं. तिथं चांगल्या धडधाकट बायका महिन्यात पळून जातात. तू बघ, झेपतं का."

थंड खोली सगळ्यांना माहीत होती. तिथून बाहेर आलेल्या बायांचे ओठ निळे असायचे. पण तिथं औषध मारत नव्हते.

तार्हेलियानं ओढणी सारखी केली.

"किती वाजता येऊ, साह्यब?"