कुंकू लावलेली गोळी

बालमित्रांनो, मला गोळी म्हणतात, पण माझ्यातून आजवर उजेडाशिवाय काहीही बाहेर पडलेलं नाही. मी एक जुनी लेझरची गोळी आहे. पितळेची, करंगळीच्या पेराएवढी. माझ्या पोटात मनगटी घड्याळात असतात तसले बारीक सेल आहेत आणि तोंडाशी काचेचा एक थेंब. रिव्हॉल्व्हरमध्ये मला घालून चाप ओढला, की घोडा माझ्या पाठीवर आदळतो आणि समोरच्या कागदावर क्षणभर लाल ठिपका उमटतो. नेम कुठे लागला असता, ते तो ठिपका सांगतो. आवाज नाही, धूर नाही, कुणाला इजा नाही. याचसाठी मला घडवलं होतं.

माझा जन्म परदेशातला. नाशिकला मी २००५ साली आले आणि नेमबाजी शिकवणाऱ्या मनोज सरांच्या कपाटात राहू लागले. तिथे एके दिवशी धोंडीराम आले, सोबत त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी मोहिनी. धोंडीराम सैन्यातून निवृत्त होऊन नाशिकच्याच अंबड भागातल्या एका कारखान्यात सुरक्षा बघत. त्यांच्याकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर होतं आणि स्पर्धांचा नाद होता. पण अलीकडे त्यांचा हात चाप ओढताना हलू लागला होता. खऱ्या गोळ्या मोजक्याच मिळत, त्या सरावात उडवून चालत नसे. म्हणून घरच्या घरी सरावासाठी काहीतरी हवं होतं.

सरांनी टेबलावर लेझरची तीन साधनं मांडली, त्यांतली एक मी.

"ही दांडी. नळीच्या तोंडातून आत सरकवायची. थोडी बाहेर राहते, त्यामुळे आत साधन आहे हे लांबूनही दिसतं. नीट बसली नाही तर ठिपका मात्र वाकडा पडतो. हे नारिंगी पिस्तूल, अख्खं प्लॅस्टिकचं. ह्यात खरी गोळी जातच नाही. घरासाठी मी हेच सांगेन."

"आणि ही?" धोंडीरामांनी माझ्याकडे बोट केलं.

"ही तुमच्याच रिव्हॉल्व्हरमध्ये बसते. तुमचीच मूठ, तुमचाच चाप. सराव अगदी खऱ्यासारखा. पण अण्णा, दिसायलाही ती खऱ्यासारखीच आहे."

धोंडीरामांनी नारिंगी पिस्तूल हातात घेऊन पाहिलं आणि हसले. "हे जत्रेतलं हाय सर. फुगे फोडायला बरंय."

मोहिनीही हसली. मला उचलून खिशात टाकलं गेलं. त्या दोन साधनांना मागे टाकून आपली निवड झाली, याचा मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता!

सिडकोतल्या त्यांच्या घरी मला पहिल्यांदा नीट निरखलं ते फुलाबाईंनी, धोंडीरामांच्या पत्नीने. त्या निफाडकडच्या, बोलायला मोकळ्या. स्पर्धेच्या गोळीचं डोकं टोकदार नसतं. कागदावर स्वच्छ गोल भोक पडावं म्हणून ते सपाट असतं. फुलाबाईंनी तशी एक गोळी आणि मला तळहातावर शेजारी शेजारी ठेवलं.

"अहो, ह्या तर जुळ्या बहिणी! झाडताना एखादी घावली तर मी कुठली कुठं ठेवायची?"

"तू ठेवूच नको," धोंडीराम म्हणाले.

"म्हंजे घर मी झाडायचं, आन वळखायचं तुम्ही."

यावर मोहिनीने तोडगा काढला. तिने आपलं नेलपॉलिश आणून माझ्या अंगावर लाल टिकली काढली. "लाल खूण असेल ती उजेडाची. बाकीच्या खऱ्या." सगळ्यांना ते पटलं. फुलाबाईंची आणखी एक तक्रार होती. बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये नुसती प्लायवूडची फळी होती, आणि नेमाचा कागद नेमका तिच्यावर चिकटवला होता.

"तो कागद माझ्या ओट्यामागंच कशाला?"

"तिथं ट्यूबचा उजेड चांगला पडतो. अगं, ठिपका हाय तो. फळीतून आरपार जातो का?"

त्यानंतरची दोन वर्षं माझ्या सुखाची होती. रोज संध्याकाळी धोंडीराम मला डबीतून काढत, खूण बघत, रिव्हॉल्व्हरमध्ये घालत. पलीकडे पोळ्या लाटल्या जायच्या, अलीकडे माझा ठिपका कागदावर फिरायचा. आधी तो भरकटायचा, मग हळूहळू मधल्या काळ्या वर्तुळात स्थिरावू लागला. जिल्ह्याच्या स्पर्धेत धोंडीरामांना पदक मिळालं तेव्हा ते पाहुण्यांना मला दाखवून म्हणाले, "हिनं माझा हात बसवला." फळीपलीकडून आवाज आला, "आन पोळ्या कुणी खाऊ घातल्या, ते नका सांगू!"

मग ती खंडेनवमी आली. फुलाबाईंनी पाटावर विळी ठेवली, शिलाईची कात्री ठेवली, रिकामं रिव्हॉल्व्हर ठेवलं. शेजारी ताम्हनात खऱ्या गोळ्या आणि त्यांच्यात मी. पूजेत डावं-उजवं करू नये, अशी त्यांची श्रद्धा. त्यांनी बोट ओलं करून प्रत्येकीला हळद लावली, कुंकू लावलं. मलाही लावलं. धोंडीरामांनी हात जोडले, मोहिनीने आरती म्हटली. ताम्हनात पडल्या पडल्या मी शेजारणींकडे पाहिलं. आता आम्हा सगळ्यांच्याच अंगावर लाल टिकली होती.

दसऱ्याला पाट आवरला गेला. कुणी आवरला, हे त्या घरात पुढे किती वेळा विचारलं गेलं! मी खऱ्या गोळ्यांच्या खोक्यात जाऊन पडले. माझ्या डबीत दुसरीच कुणीतरी गेली.

संध्याकाळी सोनं वाटून धोंडीराम घरी आले. सणाचा दिवस म्हणून थोडा सराव करावा, असं त्यांच्या मनात आलं. चष्मा टीव्हीवर राहिला होता. डबी उघडल्याचा आवाज मी ओळखला. त्यांनी खूण पाहिली असणार, लाल दिसली असणार. मी ओरडू शकत नव्हते. माझ्याकडे फक्त उजेड होता, आणि तोही कुणी पाठीवर मारल्याशिवाय निघत नाही.

फळीपलीकडे लाटणं फिरत होतं. मग तो आवाज झाला आणि लाटणं थांबलं.

पुढचं मी पाहिलेलं नाही, घरात बोललं गेलं ते ऐकलं आहे. दवाखान्यात फुलाबाई शुद्धीवर होत्या. जबाब घ्यायला आलेल्या हवालदाराला त्या म्हणाल्या, "लिवा सायेब, अपघात हाय. मीठ कमी पडलं तरी भांडतेत हे, पण त्यापायी गोळी घालणारं माणूस नाय ते." मोहिनी म्हणाली, खूण मी लाल केली, माझं चुकलं. फुलाबाई म्हणाल्या, "गप. कुंकू मी लावलं." आठवडा संपायच्या आत फुलाबाई गेल्या.

मला पोलिसांनी पाकिटात घालून सील केलं. कोर्टाचा निकाल लागून मी घरी परत आले तेव्हा फळीच्या जागी विटांची भिंत होती. धोंडीरामांनी परवाना कधीच परत केला होता. आता ते जेवायला बसले की पहिला घास हातात तसाच राहतो. मोहिनी "अण्णा" म्हणून हाक मारते, मग तो तोंडात जातो.

मागच्या महिन्यात एक गृहस्थ मोहिनीकडे आले. घरी सरावासाठी लेझर घ्यायचं होतं त्यांना, आणि माझ्याविषयी कुठूनतरी कळलं होतं. त्यांनी मला वळवून वळवून पाहिलं.

"मस्त आहे हो, अगदी खरी वाटते! विकणार का ताई? नेम कसा आहे हिचा?"

मोहिनीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. तिने विचारलं, "घरात कोण कोण असतं तुमच्या?"

"आई, बायको, धाकटी मुलगी. पण त्यांचा काय संबंध? सराव तर मीच करणार."

मोहिनीने हात पुढे केला. त्यांनी गोंधळून मला तिच्या तळहातावर ठेवलं. "आधी त्या तिघींना घेऊन या," ती म्हणाली. "मग बसून ठरवू, काय घ्यायचं आणि कागद कुठल्या भिंतीवर लावायचा."

ते गृहस्थ अजून आलेले नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी असं साधन आणणार असेल, तर त्याचा नेम, त्याची किंमत, त्याचा खरेपणा सगळं जरूर बघू द्या. पण खऱ्यासारखं दिसणं हा माझ्यासारखीचा गुण नाही, हे त्यांना सांगा. खरी गोळी त्या खोलीत असूच नये, हेही सांगा. लहान आहात म्हणून गप्प राहू नका. भिंतीपलीकडे जो असतो, त्याला साधन निवडताना कुणी विचारत नाही.