बायजाबाईच्या मनगटावरची खाज

मी एक जुनी मास्ट पेशी आहे. मित्रांनो, नाव ऐकून कपाळाला आठ्या घालू नका! माझं बिऱ्हाड नारपोलीच्या बायजाबाईच्या डाव्या मनगटात, गोंदलेल्या तुळशीखाली. पोटात खाज आणणाऱ्या हिस्टामिन रसायनाच्या दाण्यांची पोटली सांभाळायची आणि अंगात काही विपरीत शिरलं की ती उधळून आरडाओरडा करायचा, ही माझी ड्युटी. मग कातडी लाल होते, खाज सुटते. बायजाबाई कापडाच्या कारखान्यात लूमसाठी सुताच्या कांड्या भरायची. डास चावला, की मी हजर! "जागती हाय माजी कातडी," ती कौतुकाने म्हणायची आणि मी फुलून जायचे.

दोन हजार तीन साली कारखान्याच्या जिन्यावरून पडून तिचा पाय मोडला. दवाखान्यात कळा थांबवायला मॉर्फिनचं इंजेक्शन दिलं. आता माझी खोड ऐका. आम्ही कातडीतल्या पेशी या औषधाच्या नुसत्या स्पर्शाने पोटली उधळतो. फुप्फुसातली, हृदयातली, आतड्यातली आमचीच भावंडं मात्र ढिम्म हलत नाहीत. शत्रू कुणी नव्हताच, पण मी केवढा गोंधळ घातला! हातभर पित्त उठलं. बायजाबाई खाजवत सुटली. मुलगा धनेश धावत जाऊन आमसुलाचं पाणी घेऊन आला.

"माझ्या आईला हे इंजेक्शन चालत न्हाय!" तो ओरडला. डॉक्टर घाईत होते. त्यांनी कागदावर 'मॉर्फिनची ॲलर्जी' असं लिहून दिलं. धनेश काल्हेरच्या गोदामात कामाला. कागद हरवला की माल अडतो, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. त्याने तो लॅमिनेट करून घेतला आणि रेशनकार्डासोबत जपून ठेवला.

पाच वर्षांनी बायजाबाईच्या हाडांत कर्करोग उतरला. डॉक्टरांनी मॉर्फिनचं नाव काढलं की धनेश आधी कागद पुढे करायचा. "लिहून दिलंय, साहेब." साहेब वाचायचे आणि साध्या गोळ्या द्यायचे. अकरा दिवस ती उशी दातांत धरून कण्हली. मी मनगटात बसून सगळं ऐकत होते. अरे, ती ओरड खोटी होती, माझीच चूक होती, असं सांगावंसं वाटे. पण मला खाजेखेरीज दुसरी भाषाच येत नाही.

बाराव्या दिवशी हौसाबाई नावाच्या जुन्या नर्सने कागद हातात घेतला. "तेव्हा आईला दम लागला होता? ओठ सुजले? चक्कर आली?"

"न्हाय. निस्तं पित्त उठलं, खाज सुटली होती," धनेश म्हणाला.

"अरे देवा! मॉर्फिनने एवढं होऊ शकतं, ती खरी ॲलर्जी नव्हे. मग इतके दिवस कुणी विचारलं नाही?"

तिने डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी आधी खाजेचं औषध दिलं, मग जवळ थांबून हळूहळू मॉर्फिन. सवयीने मी थोडी उधळलेच. धनेश घाबरून आईचं मनगट चोळू लागला.

"खाजू दे रं," बायजाबाई हसली. "दुखत न्हाय ना आता." आणि ती शांत झोपली. चौथ्या दिवशी ती गेली.

धनेशने तो कागद फाडायला घेतला. वर प्लास्टिक होतं, फाटेना. तो तसाच हातात धरून रडला.

मीही आता थोड्या वेळाचीच सोबती. मित्रांनो, अंगावर काही उठलं तर जरूर सांगा, पण काय झालं आणि काय झालं नाही, दोन्ही सांगा. एकदा लिहिलेलं पुन्हा विचारायला लाजू नका. अकरा दिवस फार असतात.