हो, नाही, बोलावल्यावर

बाबा गेले आणि सोळाव्या दिवशी त्यांचा कॉम्प्युटरही गेला. "जोडीनं गेले," आई म्हणाली, आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन तिनं फडकं आणून उगीचच त्याच्यावरची धूळ पुसली.

मदरबोर्ड जळाला होता. डिस्क तेवढी धडधाकट होती. लेकीनं कुणाचा तरी वापरलेला दुसरा कॉम्प्युटर आणला, त्यात बाबांची डिस्क बसवली, आणि तिथं घोडं अडलं. जुनं कर्नेल नव्या खोक्याशी एक अक्षर बोलेना.

कर्नेल म्हणजे यंत्राच्या पोटातला कारभारी. पडदा, कळफलक, प्रिंटर, सगळ्यांना तोच कामाला लावतो. जगातले शहाणे लोक तो तयार आणतात. बाबा तो स्वतः घडवत. चाळीस वर्षं दुकानादुकानांतून वजनकाटे तपासत फिरलेला माणूस. दुसऱ्यानं मोजून दिलेलं त्यांना कधी पटलंच नाही.

आणि घडवायचा म्हणजे तरी काय, तर हजारो प्रश्नांची उत्तरं द्यायची. अमक्या जातीचं साउंड कार्ड आहे का? तमका कॅमेरा? उत्तरं तीनच. 'हो' म्हणजे त्या वस्तूशी बोलणारा दुभाष्या, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो कर्नेलच्या आतच घ्यायचा. 'नाही' म्हणजे नाही. आणि तिसरं म्हणजे दुभाष्याला बाहेर बसवून ठेवायचं. वस्तू दिसली की हाक मारायची. या तिसऱ्याला बाबांनी आपलं नाव दिलं होतं: 'बोलावल्यावर'. सगळी उत्तरं दोनशे पानी वहीत, तारखेसकट, शेऱ्यासकट.

जॉयस्टिक: नाही. खेळायचं वय गेलं.

ब्लूटूथ: नाही. तारा असताना कुजबुज कशाला?

इन्फ्रारेड: बोलावल्यावर. (कोण बोलावणार?)

टीव्ही कार्ड: नाही. हिला सांगू नये.

"म्हणजे होत होतं!" आई म्हणाली. "याच्यावर टीव्ही दिसू शकत होता! आणि मी नऊ वर्षं त्या खोलीत जाऊन एकटी बघत होते!"

लेकीचा धंदा पुस्तकांच्या शेवटी येणाऱ्या सूच्या करण्याचा. कुठला शब्द सूचीत घ्यायचा आणि कुठला गाळायचा, हेच दिवसभर. त्यामुळे 'हो-नाही'ची तिला सवय होती. पण आई शेजारी खुर्ची टाकून बसली, आणि आईचं घरातल्या प्रत्येक वस्तूबद्दलचं मत एकच होतं.

"होकायंत्र," लेक वाचायची. "आपल्याकडे नाहीये."

"असू दे. लागेल कधीतरी."

"आई, हे मोठ्या जहाजावरचं काहीतरी आहे."

"कोण कुठं जाईल सांगता येतं का? असू दे."

असू दे, असू दे करत पहिलं कर्नेल एवढं फुगलं की घडायला अख्खी दुपार लागली, आणि उठताना ते म्हाताऱ्यासारखं कण्हायला लागलं. दुसऱ्या वेळी लेकीनं आईला भाजी निवडायला बसवलं आणि वही उघडून एकटीनं उत्तरं दिली.

एवढा खटाटोप एका प्रिंटरसाठी होता. ब्रेलचा, म्हणजे उठावाच्या ठिपक्यांच्या लिपीचा प्रिंटर, फ्रीजच्या निम्मा, आवाजाला लोहाराचा बाप. जाड कागदावर ठिपके ठोकत तो चालला की खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचे पेशंट तोंड मिटून घेत. डॉक्टरांनी बाबांना पाच लेखी तक्रारी पाठवल्या होत्या. बाबांनी पाचही ठिपक्यांत छापून परत पाठवल्या.

हा प्रिंटर चालायचा तो सूरकाकांसाठी. काका पियानो सुरात लावायचे, आता निवृत्त. जन्मापासून डोळ्यांनी अधू, आणि बाबांचे तीस वर्षांचे भांडणमित्र. दर महिन्याला बाबा त्यांना कादंबरीची काही प्रकरणं छापून द्यायचे. शेवटची कादंबरी एका दीपगृहाच्या रखवालदाराची होती. त्या रात्री दिवा आपोआप विझला की रखवालदारानं मुद्दाम विझवला, यावरून दोघांत वर्षभर जुंपली होती. शेवटची तीन प्रकरणं बाबांनी तयार करून ठेवली आणि छापायच्या आधीच दवाखान्यात गेले ते गेलेच.

लेकीनं ती कादंबरी वाचलेली होती.

"काका, मी वाचून दाखवते की," ती फोनवर म्हणाली होती.

"खबरदार! एक शब्द बोललीस तर बघ. तीस वर्षं कुणी माझ्या कानात पुस्तक ओतलेलं नाही. मी माझ्या बोटांनी वाचणार."

"मग थोडे दिवस थांबा."

"थांबलो असतो गं. साखरेनं बोटं बधिर व्हायला लागलीयेत. डाव्या हाताची गेली. उजव्याचं हे एक आहे अजून. डॉक्टर म्हणतात, मोजकेच आठवडे. तेव्हा तुझ्या त्या कर्नेलला म्हणावं, जरा पाय उचल."

म्हणून लेक पायाला भिंगरी लावल्यासारखी खुर्चीवर बसून होती, असं म्हटलं तरी चालेल.

प्रिंटर जुना, कॉम्प्युटर त्या मानानं नवा. दोघांच्या मध्ये तारेत काडेपेटीएवढा एक डबा होता. त्या डब्याची खोड अशी की वीज गेली की तो सगळं विसरायचा. जागा झाला की त्याला त्याची अक्कल नव्यानं द्यावी लागायची. ती अक्कल डिस्कवर एका फाइलीत होती. तिला फर्मवेअर म्हणतात. बाबांनी लिहिलं होतं: "डबा. उठला की चष्मा मागतो. चष्मा कपाटात (डिस्कवर)." हे वाचून लेक हसली, कारण बाबांचंही तेच होतं. सकाळी चष्मा हातात पडेपर्यंत ते स्वतःच्या नावालाही ओ देत नसत.

त्या ओळीपुढे उत्तर होतं: "बोलावल्यावर." त्याच्या वर शाईचा मोठा डाग.

लेक तिथं थबकली. सगळ्या घरातला एवढा महत्त्वाचा पाहुणा, आणि त्याच्या दुभाष्याला बाहेर ताटकळत ठेवायचं? जॉयस्टिकच्या पंगतीला? छे. तिनं पेन्सिलीनं बाजूला लिहिलं 'हो', यंत्रालाही तेच उत्तर दिलं, आणि त्याला मानानं आत घेतलं.

कर्नेल घडलं. कॉम्प्युटर चटकन उठला. तिनं छपाईचा हुकूम दिला. प्रिंटर ढिम्म.

पडद्यावर ओळ होती: डब्याचं फर्मवेअर सापडलं नाही, चूक उणे दोन.

"सापडलं नाही काय?" लेक पडद्याला म्हणाली. "हे काय समोर पडलंय!" फाइल होती. जागच्या जागी, अक्षरशः बाबांनी ठेवली तिथं. तिनं पुन्हा हुकूम दिला. बंद करून चालू केलं. पुन्हा दिला. तीन दिवस हेच. नावं तपासली, परवानग्या तपासल्या, इंटरनेटवर अनोळखी लोकांचे पाय धरले. त्यांच्यातल्या एकानं तिला 'आधी वाचायला शिका' असा सल्ला दिला. तो मात्र तिला झोंबला.

"तार काढून परत घाल ना," आई दारातून म्हणाली. "रेडिओला करतो तसं."

"आई, हा रेडिओ नाहीये."

"बरं बाई."

चौथ्या दिवशी सकाळी सूरकाका काठी वाजवत स्वतःच दारात उभे.

"वहिनी, चहा टाका. पोरगी रडतेय का?"

"नाही हो भावजी. कॉम्प्युटरला शिव्या देतेय. नवऱ्यालासुद्धा मी एवढ्या दिल्या नाहीत."

"दिल्यात. मी ऐकल्यात." काका खुर्ची चाचपून बसले. "हं, काय म्हणतंय ते?"

"चूक उणे दोन म्हणतंय."

"तो शेवट झाला. मला शेवट सांगायचा नाही, माहीत आहे ना? पहिल्यापासून वाच. उठल्यापासून काय काय म्हणालं ते सगळं. गाळू नकोस."

"काका, चारशे ओळी आहेत."

"मी अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा पियानो लावलेला माणूस आहे. वाच."

कादंबरी वाचून घ्यायला तयार नसलेला माणूस कॉम्प्युटरच्या नोंदी ऐकायला ठाण मांडून बसला. लेक वाचू लागली. स्मृती इतकी सापडली. घड्याळ सापडलं. पंखा फिरतोय.

"पुढे?"

"कळफलक आला. उंदीर आला."

"उंदीर?" आई आतून ओरडली.

"माउस गं आई!"

"पुढे?"

"डबा दिसला. डब्यानं फर्मवेअर मागितलं. सापडलं नाही, चूक उणे दोन. मग नेटवर्क. मग डिस्क जोडून घेतली. मग..."

"थांब." काकांनी उजव्या हाताचं ते एक बोट वर केलं. "डिस्क कधी जोडली म्हणालीस?"

"मग. नंतर."

"कशाच्या नंतर?"

लेकीनं पडद्याकडे पाहिलं. मग वर, मग खाली, मग पुन्हा वर.

"तुझा बाप म्हणायचा तो चष्मा कपाटात," काका म्हणाले, "आणि हा पठ्ठ्या कपाटाची कडी निघायच्या आधीच उठून चष्मा मागतोय. कोण देणार? एकदा मागितला, नाही मिळाला, बसला रुसून. तुझ्या बापासारखा. त्याला इतक्या पहाटे उठवला कुणी?"

कुणी म्हणजे? तिनंच. मानानं आत घेतला होता ना. आत घेतलेला दुभाष्या कर्नेलबरोबरच जागा होतो, सगळ्यांच्या आधी. बाहेर बसलेला मागून येतो, तोवर घर उघडलेलं असतं. तिनं वही ओढली आणि तो डाग उजेडाकडे धरला. डाग नव्हताच तो. शाईनं गिरगटून खोडलेला शब्द होता. 'हो'. त्याच्या खाली आणखी एक 'हो', तोही खोडलेला. आणि मग, दाबून, "बोलावल्यावर".

म्हणजे बाबांनीही त्याला आधी मानानं आत घेऊन पाहिलं होतं. दोनदा. ती पानाकडे बघत राहिली. सूच्या करणाऱ्या बाईनं खोडलेलं वाचायला हवं होतं.

"सापडलं," ती वही मिटून म्हणाली. "उत्तर बदलते. परत घडवायला पाऊण तास लागेल, काका. बसा."

"पाऊण तास कशाला?" आई चहाचे कप ठेवता ठेवता म्हणाली, आणि हात मोकळा झाला तशी तिनं डब्याची तार उपटली आणि परत खुपसली.

क्षणभर काही झालं नाही. मग प्रिंटरनं असा काही दणका दिला की कपातला चहा बशीत आला.

अर्थातच. कपाट एव्हाना उघडं होतं. डबा नव्यानं उठला, चष्मा मागितला, मिळाला. आईचा रेडिओ तीन दिवसांपूर्वीच बरोबर होता. ती नुसती साखर ढवळत राहिली, लागत होती त्यापेक्षा बराच वेळ.

पण खरी गंमत पुढेच होती. तीन दिवसांत लेकीनं छपाईचा हुकूम एकूण अकरा वेळा दिला होता आणि कॉम्प्युटरनं अकराही हुकूम इमानदारीत रांगेत लावून ठेवले होते. तीन प्रकरणं संपली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. कागदाची घडी दाराबाहेर चालली. लेक थांबवायला धावली, तेवढ्यात दारावर थाप. दातांचे डॉक्टर, पांढऱ्या कोटात, तोंडावरचा मास्क हनुवटीला.

"बंद करते, डॉक्टर," लेक म्हणाली.

"नका करू!" डॉक्टर आवाजावर आवाज काढून ओरडले. "महिनाभर पेशंटला वाटतंय, सगळा आवाज माझाच आहे! तिघं खुर्चीतून उठून गेले. पूर्वी मी सांगायचो, घाबरू नका, हा वरचा आहे." मग त्यांनी मास्क पुन्हा वर ओढला. "तुमच्या वडिलांना शेवटचं उत्तर द्यायचं राहिलं माझं."

ते गेले. तिनं प्रिंटर चालू ठेवला.

काकांनी पहिली प्रत मांडीवर घेतली. ते एक बोट ओळीवरून सरकू लागलं, सावकाश, कुठं मागं येऊन पुन्हा. वेळ लागत होता. आईनं भाजी निवडून संपवली, मग निवडलेलीच पुन्हा निवडायला घेतली. लेकीला शेवट माहीत होता. ती पानाकडे न बघता बोटाकडे बघत होती. बोट शेवटच्या पानावर आलं तेव्हा काकांच्या भुवया वर गेल्या.

"अच्छा," ते म्हणाले. "म्हणजे हरलो."

तरी बोट थांबलं नाही. गोष्ट संपल्यावर एक ओळ मोकळी होती, आणि तिच्याखाली आणखी दोन ओळी. काकांनी त्या वाचल्या, पुन्हा वाचल्या, आणि खदखदून हसले. हसता हसता त्यांनी रुमाल काढला.

"ते काय आहे? कादंबरीत नाहीये ते," लेक म्हणाली.

"दर वेळी लिहायचा. मला शिव्या. खास माझ्यासाठी."

"काय लिहिलंय?"

"शेवट सांगायचा नसतो."

फाइल कॉम्प्युटरवरच होती. उघडून, अक्षरं जुळवून, पाच मिनिटांत तिला वाचता आलं असतं. ती उठली, वहीतला आपला पेन्सिलीचा 'हो' बाबांसारखाच गिरगटून खोडला, आणि बाहेर चाललेल्या ढिगातली एक प्रत घेऊन काकांच्या शेजारी बसली. अजून नऊ येत होत्या.

"मला शिकवा."

"शेवटच्या पानापासून नाही मिळणार."

"पहिल्यापासून. गाळणार नाही."

"माझं बोट जायच्या आत यायला हवं हं. मी फार कडक मास्तर आहे, विचार कुठल्याही पियानोला." त्यांनी तिचा हात धरला, बोट सरळ केलं आणि पानावर ठेवलं. "काय लागतंय?"

"एक ठिपका. वाटतंय."

"वाटतंय नको. हो की नाही?"

प्रिंटर भिंत हादरवत होता. खाली कुणीतरी बहुतेक निर्धास्तपणे आ केला होता. तिनं डोळे मिटले.

"हो."

"अ," काका म्हणाले. "पुढे."