पाटीमागे उभा माणूस

"बाप्पा! ज्याचा अर्धा जनम कॅमेऱ्याच्या पोटात गेला, त्याचाच फोटो नाही घरी?"

दुकानाचे मालक भैयाजींनी चष्मा कपाळावर चढवला आणि काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या जयाकडे पाहिलं.

"नाही," जया म्हणाली. "परवा तेरवी आहे. आई म्हणते, फोटोच नाही तर हार कोणाले घालू?"

"लग्नातला असंल."

"लग्नात कोणी काढलाच नाही. माझ्या शाळेच्या गॅदरिंगचा एक आहे. त्यात बाबा मागच्या रांगेत बसलेत, अन् समोर शेजारच्या सिंधूताईंचा अंबाडा आला. एक कान तेवढा दिसते."

आतल्या टेबलावर निगेटिव्हवर पेन्सिल फिरवत बसलेले कवडूजी खुदकन हसले आणि लगेच गप्प झाले. मग मान वर न करताच म्हणाले, "कान मी ओळखतो वं पोरी. पण कानाले हार नाही घालता येत."

"चूप बस गा, कवडू," भैयाजी म्हणाले.

जयाला राग आला नाही. गेले अकरा दिवस सक्करदऱ्याच्या घरात लोक हलक्या पावलांनी येत होते, हलक्या आवाजात बोलत होते आणि चहा पिऊन जात होते. बाबांबद्दल कोणी विनोद केला नव्हता. बाबांना तो आवडला असता.

बर्डीवरच्या या दुकानात ती मोजून पाच-सहा वेळा आली असेल. लहान असताना विसरलेला डबा द्यायला, एकदा मॅट्रिकचा निकाल सांगायला. पुढे काचेच्या कपाटात नवे कॅमेरे, फिल्मचे रोल, फ्लॅशचे बल्ब. मागे खिडकीपाशी बाबांचं, म्हणजे नानाजी पडोळ्यांचं टेबल. त्यावर पांढरं फडकं अंथरलेलं, फडक्यावर ज्वारीच्या दाण्याहून बारीक स्क्रू ओळीने मांडलेले. "शिंकू नको वं," एवढंच ते तिला म्हणत. कुहीकडच्या खेड्यातून चोपन्न साली नागपुरात आलेला हा माणूस सव्वीस वर्षं त्या खिडकीपाशी बसला. ऐंशी साली एका संध्याकाळी घरी येऊन म्हणाला, "आता नाही जात. नव्या मशिनीत मजा नाही राहिली." त्यानंतर दोन वर्षं अंगणातल्या खाटेवर बसून राहिला आणि या मार्चमध्ये झोपेत गेला.

टेबल अजून तिथेच होतं. त्यावर आता जुनी बिलबुकं रचली होती.

"घरी नसंल," भैयाजी हळूच म्हणाले. "इथं आहे. बम आहेत, पेट्या भरून. ये आत."

त्यांनी माळ्यावरून पत्र्याच्या तीन पेट्या उतरवून घेतल्या. पेट्यांत खाकी पाकिटं खच्चून भरलेली होती आणि प्रत्येक पाकिटावर तारीख आणि नंबर होता. कवडूजींनी खालून दिवा लावलेल्या दुधी काचेवरची आपली कामं बाजूला सारली आणि भैयाजींनी पहिल्या पाकिटातली निगेटिव्हची पट्टी तिथे ठेवली.

"रिपेर झालेली कॅमेऱ्याची मशीन आम्ही तशी नाही देत. रोलचे उरलेले तुकडे भरून चार फोटो काढून पाहतो. मी इथून काढत जाओ, अन् तुया बाप तिथं दारात, उजेडात, पाटी घेऊन उभा राहे. पाटीवर बिलाचा नंबर. हात लांब करून धरायची. फोकस पाटीवर. नंबर साफ वाचता आला का मशीन पास."

"बाबाच कायले उभे राहत?"

"मी म्हणो त्याले, दुसऱ्या कोणाले तरी उभा कर गा. तर म्हणे, सैपाक ज्यानं केला त्यानं पहिला घास खावा. मशीन मी खोलली, तिच्यासमोर मीच राहीन."

जया काचेवर वाकली. एवढ्याशा चौकटीत एक काळा चेहरा, पांढरेशुभ्र केस, हातात पारदर्शक पाटी आणि पाटीवर काळे आकडे. तिला क्षणभर कोणी म्हाताराच वाटला. पाकिटावर सन चौपन्न होतं. मग तिच्या लक्षात आलं, की निगेटिव्हमध्ये काळे केस पांढरे दिसतात. हा तिच्या वडिलांचा सत्ताविसाव्या वर्षीचा चेहरा होता.

ती एकेक पाकीट उघडत गेली. अठ्ठावन्न, त्रेसष्ट, सदुसष्ट. तोच दरवाजा, तोच अर्ध्या बाह्यांचा सदरा, तीच लांब केलेली मनगटं. वर्षं पुढे सरकत होती, बाबांचे केस पिकत होते आणि काचेवर ते काळे होत चालले होते. सत्तरच्या पुढे तर कोणी तरणाताठा माणूस उभा असल्यासारखं वाटायला लागलं. ती पुस्तकं वाचत मोठी झालेली मुलगी होती. असलं काही पुस्तकात आलं असतं तर तिने पान दुमडून ठेवलं असतं. इथे तिने फक्त पुढचं पाकीट उचललं.

"यातला कोणताही काढा," ती म्हणाली.

कवडूजींनी भिंग तिच्या हातात दिलं. "आधी पाह्य. नीट पाह्य."

तिने पाहिलं. पाटीवरचे आकडे सुईने कोरल्यासारखे होते. खडू जिथे घसरला होता तेसुद्धा दिसत होतं. मागचा चेहरा मात्र धुरकट होता. नाक होतं, मिशी होती, डोळ्यांच्या जागी दोन पुसट डाग. तिने दुसरी पट्टी घेतली, मग तिसरी, मग पेटीच्या तळातली.

"सगळ्यात असंच आहे, पोरी," कवडूजी म्हणाले. "फोकस पाटीवर ना. चेहरा हातभर मागं. टेस्टिंगले मशीनच्या लेन्सचं तोंड पूर्ण उघडून ठेवावं लागते, मंग मागचं सारं पुसल्या जाते. पोस्टकार्डाएवढा काढला तर चालून जाईल. भिंतीवरचा मोठा केला तर त्यात नानाजी नाही, वाफ दिसंल."

"तुम्ही पेन्सिलनं..."

"डोळे काढून देईन. कोट चढवीन, टाय बांधीन, पाटी गायब करीन. सारे तेच तर करून घेतात. पण ते डोळे माया हातचे राहतील, त्याचे नाही."

जया खाली बसली. सव्वीस वर्षं एक माणूस दररोज कॅमेऱ्यासमोर उभा राहिला होता आणि कॅमेऱ्याने दर वेळी त्याच्या हातातली पाटी पाहिली होती. आई घरी विचारेल. आईला फोकस काय सांगायचा?

कवडूजी भैयाजींकडे बघत होते.

"दाखवा ना तिले," ते म्हणाले.

"काय दाखवू? तू आपलं काम कर."

"पोट्टी बापाचा चेहरा मागून राहिली, भैयाजी. अन् तुम्ही गल्ल्याच्या खणात दाबून बसले."

भैयाजींनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला. मग काउंटरकडे गेले, कुलूप काढलं आणि एक पाकीट घेऊन आले. पाकिटावर लाल पेन्सिलची फुली होती. ते त्यांनी जयाच्या हातात दिलं नाही. स्वतःच पट्टी काढून काचेवर ठेवली आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

तीन टेस्टच्या तीन चौकटी होत्या, एका पट्टीत चिकटवून जोडलेल्या. तिन्हींत पाटी पुसट होती, नंबर वाचता येत नव्हता. आणि पाटीच्या मागे बाबा होते. भिंगाखाली त्यांची एकेक सुरकुती दिसत होती, दाढीचे खुंट, डाव्या भुवईवरचा लहानपणी विळा लागल्याचा व्रण, सदऱ्याचं तुटलेलं बटण. डोळे स्वच्छ दिसत होते.

"एका डॉक्टरसाहेबांची जर्मन मशीन होती," भैयाजी रस्त्याकडे बघतच म्हणाले. "नानाजीनं फोकस बसवला, म्हणाला, पास आहे, टेस्ट घ्या. रोल धुतला तर पाटी धुंधळी. फोकस हातभर मागं पडला होता. त्यानं पुन्हा खोलली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा खोलली. सव्वीस वर्षांत त्याची मशीन कधी दुसऱ्यांदा खोलावी नाही लागली. मी म्हटलं, नानाजी, डोळे दाखव गा कोणाले. तर म्हणाला, दाखवले. काचबिंदू आहे, गेलेली नजर येत नाही म्हणतात. सहा महिन्यांपासून तो हाताच्या अंदाजानं काम करून राहिला होता."

जयाने भिंग काचेवर ठेवलं.

"मंग त्यानंच पाकिटावर फुली मारली. स्क्रू डब्यात भरले, फडकं झटकलं, घडी केली. म्हणाला, भैयाजी, घरी सांगू नका. पोरगी पुस्तकं सोडून मायाच मागं लागंल." त्यांनी चष्मा काढून पुसला. "अन् मी त्याले थांब नाही म्हटलं. टेबलावर सहा मशिनी पडल्या होत्या, मले त्याइची चिंता. एक खेप म्हणायले पाहिजे होतं, की बस गा नानाजी, काम नको करू, नुसता बस. म्हटलंच नाही."

बाहेर एक रिक्षावाला घंटी वाजवत गेला.

दोन वर्षांपूर्वी बाबांनी तिच्याकडून पेपर वाचून घ्यायला सुरुवात केली होती. "तुया आवाज चांगला आहे," असं म्हणायचे. पेपर संपला की म्हणायचे, ते तुयं पुस्तक वाच, कोणतंही. ती वाचायची. ती शाळेत शिकवायची, कधी मुलांच्या वह्या तपासायच्या राहिलेल्या असत. तेव्हा, "चष्मा आहे ना बाबा, स्वतः वाचा ना," असंही तिने म्हटलं होतं. एकदा नाही, चार-पाच वेळा. त्यावर ते हसून पेपर हातात धरत आणि पानावर नजर ठेवून बसत. पान उलटतसुद्धा असत. तिला वाटायचं, वाचताहेत.

तिने पुन्हा भिंग उचललं. पहिल्या चौकटीत बाबांची हनुवटी वर होती. मशीन आपण नीट बसवली आहे याची खात्री असलेल्या माणसाचा तो चेहरा होता. दुसऱ्यात कपाळाला आठी होती. तिसऱ्या चौकटीत पाटी जराशी खाली आली होती आणि ते कॅमेऱ्याकडे पाहत नव्हते. कॅमेऱ्याच्या वरून, फोटो काढणाऱ्या भैयाजींकडे पाहत होते.

"पहिला," ती म्हणाली.

"तिसऱ्यात डोळे जास्त बोलतात," कवडूजी म्हणाले. "कारागिराच्या नजरेनं सांगून राहिलो."

"दिसलं मला. आईसाठी पहिला काढा."

"तुया मायले सांगशील?" भैयाजींनी पहिल्यांदा वळून विचारलं.

"बाबांनी सांगितलं नाही. मी कायले सांगू?"

कवडूजी पट्टी घेऊन उठले. "पाटी काढू का? पुसटच आहे. पेन्सिलच्या दोन हातांत निंघून जाईल इतकी. पाहिजे तर कोट..."

"त्यांनी जन्मात कोट घातला नाही. पाटी राहू द्या."

डार्करूममध्ये लाल दिव्याखाली दोघं उभे होते. कवडूजींनी पट्टी एनलार्जरमध्ये सरकवली. उजेडात क्षणभर तिसरी चौकट येऊन थांबली. त्यांनी मुकाट्याने ती ओढून पहिली आणली. खाली कोरा कागद धरला, सेकंद मोजून उजेड विझवला आणि कागद ताटलीतल्या औषधात सोडला. कागद तसाच पांढरा राहिला. मग दोन बुबुळं आली, आधी तीच. मग भुवया, मग दाराची चौकट, मग सावकाश बाकीचा माणूस. इथे केस पुन्हा पांढरे होते.

"आला," कवडूजी पुटपुटले.

धुण्याच्या हौदाशी त्यांनी तिला स्टूल दिलं. फोटो वाहत्या पाण्यात तासभर ठेवावा लागतो, नाहीतर दोन-चार वर्षांत पिवळा पडतो, असं सांगून ते काउंटरकडे गेले. भैयाजींनी चहा मागवला होता. तो तिच्याजवळ ठेवून तेही परत गेले.

हौदात आधीपासून कोणाच्या तरी लग्नाचे फोटो फिरत होते. नळाची धार एका कोपऱ्यातून येत होती, त्यामुळे सगळे कागद हळूहळू गोल चालले होते. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, माना वळवलेल्या बायका, त्यांच्यामधून पाटी धरलेले बाबा. दर फेरीला धारेखाली आले की त्यांचा कागद कलंडायचा आणि पालथा होऊ पाहायचा.

जयाने पदर खोचला, हात पाण्यात घातला आणि एका बोटाने त्याचा कोपरा धरून ठेवला. बाजूला चहावर साय धरत होती. अजून पाऊण तास होता.