एक इंच कोणी खाल्ला?

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे, शिंप्याच्या गळ्यात लोंबणारी, साठ इंचांची. हे वाचताना तुम्ही पोट आत ओढून बसला असाल, तर ते आधी सोडा. असली सोंगं मी खूप पाहिली आहेत. माप देताना माणूस खरा वागतो यावर माझा कधीच विश्वास बसला नाही. कोणी छाती फुगवतो, कोणी श्वास कोंडतो, कोणी टाचा उचलतो. सगळ्यांवर संशय घ्यायचा हे मी माझ्या मालकाकडून शिकले, आणि त्याचं पुढे काय झालं तेच तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. एका लांब कापडी पट्टीवर पिवळं रोगण चढवलं, त्यावर काळे आकडे छापले आणि दोन्ही टोकांना भोक असलेली पितळेची पत्री ठोकली, एवढं आठवतं. माझ्या एका अंगाला इंच आहेत आणि दुसऱ्या अंगाला सेंटिमीटर. गणपतराव शिंप्यांनी कोल्हापुरात महाद्वार रोडजवळच्या एका बोळात दुकान काढलं, ते साल १९६३. त्याच दिवशी त्यांनी मला विकत घेतलं आणि गळ्यात घालून म्हणाले, "आता कोण फशिवतोय मला, बघतोच."

सेंटिमीटरचं अंग त्यांनी एकदा उलटून पाहिलं. "हे सरकारनं नवीन काढलंय, आपल्या काय कामाचं न्हाय," असं म्हणून जे ते पालथं घातलं, ते अठरा वर्षं पालथंच राहिलं.

गणपतरावांच्या हातात कसब होतं. कापड टेबलावर पसरलं की त्यांची कात्री पाण्यातून जावी तशी जायची. पण स्वभाव फार संशयी. मिलवाल्यानं कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, कमी दिला का? गिऱ्हाइकानं अडीच वार सांगून सव्वादोनच आणलं का? सगळ्यात मोठा संशय कात्रीवर. शेजारपाजारचे लोक आपल्या माघारी कात्री नेतात, तिनं कागद कापतात आणि धार घालवतात, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. त्यावर त्यांनी एक युक्ती काढली. दुकान बंद करताना ते मला भिंतीवरच्या खिळ्याला टांगत आणि माझ्या खालच्या टोकाला कात्री बांधत. गाठ त्यांची स्वतःची, दुसऱ्या कोणाला न जमणारी. सकाळी कुलूप काढलं की आधी गाठ बघायची, मग देवाला हात जोडायचे. कात्री चांगली वजनदार होती. मला मात्र तिचं ओझं कधी वाटलं नाही. उलट मी फुशारून जायची, की दुकानाची राखण माझ्याकडे आहे.

ती वर्षं फार चांगली होती. आधी पायाशी चौदा इंच घेराच्या विजारी आल्या, त्या घालताना पोरांचे पाय अडकायचे. मग सव्वीस इंची बेलबॉटम आल्या, त्या रस्ता झाडत जायच्या. शर्टाच्या कॉलरी हत्तीच्या कानाएवढ्या झाल्या. सगळी मापं माझ्या अंगावरून गेली. "मास्तरांचं शिवण म्हंजे अंगावर ओतल्यागत," असं लोक म्हणायचे. शाबासकी मास्तरांना मिळायची, पण त्यातली निम्मी मी माझीच समजायची.

आमचं लाडकं गिऱ्हाईक होतं उचगावचे हंबीरराव. तरुणपणी कुस्त्या मारलेला गडी, घरी दोन म्हशी, बोलणं असं की बोळाच्या टोकाला ऐकू जावं. दर दिवाळीला ते तीन गुंड्यांचा शर्ट शिवायला यायचे. पहिल्या वर्षी त्यांची छाती पंचेचाळीस भरली. "पंचेचाळीस लिवा, मास्तर, आन् मोठ्यानं वाचा," ते म्हणायचे. मी त्यांच्या छातीभोवती फिरले की मलाही आपण कोणीतरी असल्यासारखं वाटायचं.

मग हळूहळू एक विचित्र गोष्ट घडायला लागली. जग आखूड व्हायला लागलं.

आधी हे कापडाच्या पन्ह्यात दिसलं. छत्तीस इंची पन्हा पस्तीस आणि थोडा वर भरायचा. गणपतराव दात-ओठ खायचे. मग त्यांचा संशय कोपऱ्यावरच्या हॉटेलावर गेला. तिथला डोसा पूर्वी ताटाबाहेर जायचा, आता तो ताटात मावतो, असं त्यांना वाटायचं. एक दिवस नाश्त्याला बसल्या जागी त्यांनी मला गळ्यातून काढलं आणि डोशावर ठेवलं. हॉटेलवाला बघतच राहिला.

"बारा इंच हुता. पावणेबारा भरतोय," गणपतराव म्हणाले.

"मास्तर, डोसा हाय का पाटलोण?" हॉटेलवाल्यानं विचारलं.

सगळं हॉटेल हसलं. माझ्या अंगाला आठवडाभर खोबऱ्याच्या चटणीचा वास येत होता. पण आम्ही दोघं हसलो नाही. पाव इंच गेला कुठं, हाच विचार आमच्या डोक्यात होता.

हंबीररावांची छातीही उतरली. पंचेचाळीसची साडेचव्वेचाळीस झाली आणि १९८१ च्या दिवाळीला बरोबर चव्वेचाळीस. तो आकडा ऐकून त्यांचा चेहरा पडला. "वय झालं म्हणायचं," ते एवढंच बोलले. त्यांनी सकाळच्या दुधात अर्धा लिटर वाढवलं आणि पन्नाशी उलटल्यावर पुन्हा जोर काढायला लागले. मला त्यांची कीव यायची.

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं आखूड होत होतं तर गणपतरावांनी शिवलेले कपडे कसे बसायचे? अगदी चोख बसायचे, मित्रांनो. तेच तर आमचं बळ होतं.

त्याच सुमारास आमच्या बोळाच्या तोंडाशी गडहिंग्लजच्या आण्णाप्पांनी रेडिमेड शर्टांचं दुकान थाटलं. मागच्या खोलीत पाच मशीन, पुढे काचेचं कपाट आणि शर्टांच्या गळ्यात आकड्यांच्या चिठ्ठ्या, अडतीस, चाळीस, बेचाळीस. माप न घेता शर्ट विकायचा ही गोष्टच गणपतरावांना चोरीसारखी वाटायची. "मानसाला नंबर लावत्यात, कैद्यागत," ते म्हणायचे. पण त्यांची मुलगी लीला तिथेच कामाला लागली. लीला तेव्हा वीस वर्षांची होती, बापाकडेच शिकलेली, आणि कापडावर खडूनं आखणी करण्यात तिचा हात बापाइतकाच साफ होता. आई नसलेल्या त्या घरात बाप आणि लेक दोघंच. ती पहिल्या दिवशी कामाला निघाली तेव्हा गणपतरावांनी माझा गळ्याभोवती एक वेढा जास्त घेतला.

एके दिवशी हंबीरराव आण्णाप्पांकडून चव्वेचाळीस नंबरचा शर्ट घेऊन आमच्याकडे आले. जरा ओशाळले होते.

"मास्तर, भाच्याच्या साखरपुड्याची घाई हाय म्हणून घेतला. पर काखंत धरतोय बगा."

गणपतरावांनी शर्ट टेबलावर पसरला. चव्वेचाळीस छातीला सैलपणासाठी चार इंच सूट धरली तर शर्टाचा घेर अठ्ठेचाळीस हवा. त्यांनी मला वरून फिरवलं. सत्तेचाळीसच्या किंचित खाली भरला.

"एक इंच खाल्ला," गणपतराव म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. डोळे मात्र चमकत होते. खोटं का सांगू, मलाही आनंद झाला. इतक्या वर्षांच्या संशयाला आज चोर सापडला होता.

संध्याकाळी लीला घरी आली तेव्हा ते मला गळ्यात घालूनच बसले होते.

"आण्णाप्पा तुला आखूड कापाय सांगतोय व्हय?"

"न्हाय," लीला म्हणाली.

"एक इंच कमी हाय शर्ट."

"न्हाय, बाबा. मी स्वतः आखलाय तो. पुरा हाय."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "ही खोटं बोलत न्हाय," ते मला चिमटीत धरून म्हणाले. लीलाचा चेहरा एकदम उतरला. तिनं ताट वाढलं आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी भर गर्दीच्या वेळी गणपतराव मला घेऊन आण्णाप्पांच्या दुकानात शिरले. कपाटातले पाच शर्ट ओढून काढले, गिऱ्हाइकांसमोर एकेक मोजला आणि बोळभर ऐकू जाईल असं ओरडले, "हे बघा, पावणं. परत्येकात एक एक इंच. कापडचोर हाय ह्यो." लोक जमले. कोणीतरी हातातला शर्ट परत ठेवला. आण्णाप्पांचं तोंड लाल झालं.

"मास्तर, आखणी तुमचीच पोरगी करत्या," ते म्हणाले. "तिला येत नसंल, न्हायतर तुम्हीच तिला शिकवून धाडलं असंल माझं नाव घालवायला. दोन्हीतलं काय ते तुमचं तुम्ही बघा. उद्यापास्नं तिला धाडू नका."

लीला मागच्या दारात उभी होती. तिनं हातातला खडू मशीनवर ठेवला आणि निघून गेली.

त्यानंतर चार दिवस ती घराबाहेर पडली नाही. बायका आपसात म्हणायला लागल्या, आखूड कापणारी पोरगी ती हीच. ज्या हाताचं कौतुक व्हायचं, त्या हाताला आता कोणी काम देणार नव्हतं. गणपतराव तिची समजूत काढायचे, तुझी चूक न्हाय, त्यानंच तुला फशिवलं. ती ताट वाढून आत निघून जायची.

पाचव्या दिवशी ती दुकानात आली. हंबीररावही बसले होते. तिनं बापाच्या गळ्यातून मला सरळ काढून घेतलं आणि समोरच्या कापडवाल्याकडे गेली. दोघं तिच्या मागोमाग आले. कापडवाल्याकडे मीटरची लोखंडी दांडी असते, तिच्यावर सरकारी शिक्का असतो. लीलानं ती दांडी फळीवर ठेवली आणि मला पालथं केलं. अठरा वर्षांनी माझं सेंटिमीटरचं अंग वर आलं. तिनं माझं टोक दांडीच्या टोकाला लावलं आणि मला नुसतं, न ताणता, सरळ केलं.

दांडी शंभराची होती. माझ्यावर ती साडेसत्त्याण्णवालाच संपली.

मग गणपतराव म्हणाले, "दांडी खोटी असंल."

कापडवाल्यानं दुसरी दांडी आणली. पुन्हा साडेसत्त्याण्णव.

"टेप ताणलीया, बाबा," लीला म्हणाली. "अठरा वर्सं रोज रातभर कात्री टांगताय तिला. लोकांनी कात्रीला हात लावू नये म्हणून."

मित्रांनो, त्या क्षणी मला फळीखाली सरकून जावंसं वाटलं. चोर पकडायला निघालेली मी, आणि एक इंच माझ्याच अंगात होता. माझा प्रत्येक इंच लांबला होता, म्हणून मला जग आखूड दिसत होतं. पन्हा पुरा होता, हंबीररावांची छाती जागच्या जागी होती. गणपतराव माझ्यानंच माप घेत आणि माझ्यानंच कापड कापत, म्हणून शिवण चोख बसायचं आणि माझी चूक कोणाच्या लक्षात यायची नाही. डोशाचं मात्र मला आजही नक्की सांगता येत नाही. तो खरंच लहान झाला असेल, पण आता माझं कोण ऐकणार?

"म्हंजे मी पंचेचाळीसच हाय की," हंबीरराव हळूच म्हणाले. त्यांना आनंद लपवता येईना.

गणपतराव दुकानात येऊन बसले. मग म्हणाले, "लीला, चुकलो मी."

"बाजारात ओरडून सांगितलंत, बाबा. आता घरात हळू सांगू नका."

दोन दिवस त्यांनी कापडाला कात्री लावली नाही. दुकान बंद ठेवून दुसऱ्या गावाला जावं असंही त्यांच्या मनात आलं असावं. रविवारी बाजाराची गर्दी भरात असताना ते उठले. मला आणि कापडवाल्याची दांडी घेऊन आण्णाप्पांच्या दुकानात गेले, मला काचेवर पसरलं आणि त्याच मोठ्या आवाजात म्हणाले, "पावणं, इकडं बघा. माझी टेप खोटी हाय. आण्णाप्पांचे शर्ट पुरे हायत. माझ्या पोरीची आखणी पुरी हाय. खोटा मी." वाक्य त्यांनी शेवटपर्यंत नेलं. मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं. ते ऐकून घेऊनही ते तिथेच उभे राहिले.

आण्णाप्पांनी दांडीला आणि मला, दोघींना नीट पाहिलं. "लीलाला म्हणावं, उद्यापास्नं यायचं," ते म्हणाले.

"मी न्हाय सांगनार तिला. तिला घालवताना तुम्ही सांगितलं, बोलवायला पण तुम्हीच चला," गणपतराव म्हणाले. आण्णाप्पा चपला घालून त्यांच्याबरोबर घरी आले.

लीला कामावर परत गेली. गणपतरावांनी नवी टेप आणली आणि कात्रीला खणात जागा दिली. मला फेकून देणार होते, पण लीलानं मागून घेतलं. आज मी तिच्या मशीनच्या खणात आहे. तिची मुलं माझ्यानं दप्तर बांधतात, पतंगाची शेपटी करतात. मी कुरकुर करत नाही.

तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे की आपली टेप वर्षातून एकदा तरी खऱ्या दांडीला लावून बघा आणि तिच्यावर कसलं ओझं टांगू नका. ताणलेली टेप परत आखडत नाही, नवी आणावी लागते. लेक मात्र नवी आणता येत नाही. लीला कामावर परत गेली, त्या दिवशी संध्याकाळी गणपतरावांनी नेहमीसारखं विचारलं, "जेवलीस का, पोरी?" लीलानं नुसतं 'हो' म्हटलं नाही, तिच्या शब्दावर एकदा टेप भारी पडली होती ना. तिनं आपलं उष्टं ताट उचललं आणि त्यांना दाखवलं.