पाणी काठोकाठ, पण मचूळ

मित्रांनो, लासुर्ण्याच्या शिवारात, कालव्याच्या खालच्या अंगाला, काळ्या दगडात बांधलेली मी एक जुनी विहीर. लोकांना वाटते, पाणी माझ्यात नुसते पडून असते. खरे तर ते क्षणभरही स्वस्थ बसत नाही. दगडांच्या फटींतून झिरपत येते, मोटारीच्या पाइपातून वर जाते, उसाच्या पानांतून वाफ होऊन उडते. त्या वाफेचा ढग कुठे जाऊन बरसेल, याचा नेम नसतो. असे पाणी पोटात घेऊन मला तरी चैन कुठून पडणार?

मला महिपतीने खणले. त्याची बायको गोजरबाई तेव्हा नवी नवरी होती. मुरमाच्या पाट्या डोक्यावरून तिनेच वर नेल्या, म्हणून आजही ती मला ‘माझी हीर’ म्हणते.

महिपती गेला आणि मुलगा जोतीराम रान बघू लागला. त्याने सगळीकडे ऊस लावला. कालव्याच्या पाण्याची पाळी आली की तो सऱ्या तुडुंब भरी. पुढची पाळी वेळेवर येईल याचा भरवसा नसे, म्हणून आलेले पाणी कोणीच सोडत नसे. जास्तीचे पाणी जमिनीत मुरून माझ्याकडे येई. पूर्वी उन्हाळ्यात माझा तळ दिसायचा. १९९३ च्या मे महिन्यात पोरे काठावरून हात घालून पाणी उडवू लागली. येणारेजाणारे वाकून बघत आणि जोतीरामच्या नशिबाचे कौतुक करत. मी मात्र धास्तावले होते.

जमिनीतले पाणी वर चढले की उन्हाने उडून जाते, पण त्यात विरघळलेले क्षार उडत नाहीत. ते मागेच राहतात. नद्यांनी आणलेले क्षार साठवत समुद्र असाच खारा होत गेला. त्याला कोट्यवधी वर्षे लागली. आमच्या रानाला दहा-बाराच पुरली. सऱ्यांच्या कडेला पांढरा थर धरला, ऊस ठिकठिकाणी पिवळा पडला आणि माझे पाणी मचूळ झाले.

हे पहिल्यांदा उघडकीस आले चुलीवर. जोतीरामचे लग्न झाले आणि अंथुर्ण्याची मनिषा घरात आली. तिची तुरीची डाळ काही केल्या शिजेना. गोजरबाई ताट बाजूला सारी आणि शेजारणींना ऐकू जाईल असे विचारी, माहेरी चूल तरी होती का? ती स्वतः डाळीत चिमूटभर सोडा टाकत आली होती. पाणी बिघडत गेले तसा सोडा वाढत गेला, हे तिच्याही ध्यानात आले नव्हते. मनिषाचे नाव विनाकारण खराब होत होते आणि मला तोंड नव्हते.

एक दिवस मनिषा माळावर गेली. तिथे चाँदभाईंची विहीर होती. कालवा त्या उंचावर पोचत नसे. तिथून तिने कळशीभर पाणी आणले आणि दोन पातेली शेजारीशेजारी चढवली. माळाच्या पाण्यातली डाळ लोण्यासारखी झाली. माझ्या पाण्यातला दाणा टणकच राहिला.

“आत्या, डाळ एका डब्यातली, जाळ एका चुलीचा. पानी तेवढं निराळं हाय.”

“माझ्या हिरीला नावं ठिवतीस व्हय गं?” गोजरबाई म्हणाली. तिने दाणा बोटांत दाबून पाहिला. मग माझ्या काठावर येऊन घोटभर पाणी तोंडात धरले आणि थुंकून टाकले. संध्याकाळी जोतीरामला तिनेच सांगितले, “पोरीच्या हाताचा दोष न्हाय. हीर बिघडलीया.”

जोतीरामने बारामतीला जाऊन शेतीतल्या जाणत्याला विचारले. कालव्याचे पाणी कमी घ्यायचे, रानात खोल चर काढायचे आणि विहीर उपसत राहायची, असे उत्तर मिळाले. त्याने चर काढले आणि पुढच्या पाळीला निम्म्या रानाकडे जाणारे पाण्याचे दार चिखलाने बुजवले. माझे पाणी चरातून ओढ्याला वाहू लागले. ते बघायला चाँदभाई माळावरून खाली आले.

“जोतीराव, आमी वर थेंबाला म्हाग, आन तुमी वढ्याला सोडताय. बरं हाय न्हवं?”

“गोड असतं तर तुमालाच दिलं असतं, चाँदभाई.”

चाँदभाई हसले नाहीत. चराच्या कडेने ते ओढ्यापर्यंत चालत गेले.

माझी पातळी उतरली, तशी लोकांनी जोतीरामच्या नशिबाची हळहळ केली. मला मात्र श्वास घ्यायला जागा मिळाली. तरी जिवाला घोर आहेच. माझे क्षार ओढ्याने नीरेत जातात, नीरेतून भीमेत. वाटेवरच्या गावांनी काय करायचे?

तेव्हापासून दोन पावसाळे गेले. मित्रांनो, विहीर किती भरली आहे हे वाकून दिसते. ती कशाने भरली आहे, हे कळायला घोटभर पाणी तोंडात धरावे लागते. तेवढे कष्ट घेत जा. गोजरबाई रोज सकाळी घेते. परवापर्यंत ती थुंकून टाकत होती. काल तिने घोट गिळला, तोंड वाकडे केले आणि दुसरा घेतला.