अनुपमाच्या राजीनाम्याची चौकशी

दोन महिने आमच्या घरात एकच नाव चाललं होतं. सकाळी चहाला अनुपमा, रात्री भाकरीला अनुपमा. ही तुडीलची बाई महाडच्या कॉलेजात ह्यांच्या वर्गात होती, पुढे सरकारी लेखापरीक्षक झाली. आमच्या ग्रामपंचायतीचे हिशेब तपासायला आली, वाडीच्या वर डोंगराला बांधलेली नवी संरक्षक भिंत बघून गेली, आणि थोड्याच दिवसांत नोकरीचा राजीनामा देऊन मोकळी झाली. का दिला, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

"एवढी हुशार बाई उगाच नोकरी सोडेल होय? कोणीतरी दाबलंय तिला. चौकशी झालीच पाहिजे," हे म्हणायचे. हे गावचे उपसरपंच. मला ताप भरला होता तेव्हा पोलादपूरच्या दवाखान्यात टाकून मीटिंगला गेलेला माणूस, आणि तिच्यासाठी थेट कलेक्टरकडे जायच्या गोष्टी करत होता. कॉलेजच्या सहलीतला तिचा फोटोसुद्धा मला मोबाइलवर दाखवला. बघ कशी दिसायची, म्हणे. बघितला. चांगलीच दिसायची मेली, तेच तर दुखणं होतं.

ग्रामसभेत चौकशीच्या मागणीचा ठराव येणार होता. ग्रामसभेच्या आदल्या दिवशी बायकांची वेगळी सभा होते, आणि तिथं जे ठरेल ते दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. बचत गटाची अध्यक्ष मी. मी बोलले की बायका सहसा मान डोलावतात.

त्या सभेत आनंदीबाई उठली. भिंतीच्या अगदी खाली तिचं घर.

"चौकशी होऊ दे गो नीला. ती बाय भिंतीला हात लावून लावून बघत होती, मी सोताच्या डोळ्यांनी बघितलंय. मग तिनं नोकरी का सोडली? तळीयेत दरडीखाली माणसं गाडली गेली, ते इतक्यात विसरलात काय?"

म्हातारी खरं बोलत होती, हे मला कळत का नव्हतं? पण डोळ्यांपुढून तो फोटो हलेना.

"तिची नोकरी, तिची मर्जी," मी म्हटलं. "घरचं काही असेल, कंटाळली असेल. चौकशीवाले आले की निधी अडकणार आणि पुढची कामं बंद पडणार. एका बाईच्या लाडापायी आपण का मरायचं?"

"मरायचं ते भिंत पडल्यावर हायच," आनंदीबाई म्हणाली. पण हात तिच्या बाजूने फारसे वर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत ह्यांनी पडलेल्या चेहऱ्यानं सांगितलं, "आपल्या माताभगिनींचाच विरोध आहे, माझा नाइलाज आहे." ठराव बारगळला. मला काय गार वाटलं म्हणून सांगू. घ्या तुमची अनुपमा, मी मनात म्हटलं.

संध्याकाळी भिंतीचा ठेकेदार सोनबाशेठ महाडहून पेढे घेऊन घरी आला.

"वहिनी, तुमच्यामुळे वाचलो हां. चौकशी लागली असती तर त्या बाईला धमकीचे फोन कोणी केले ते निघालं असतं. मग मी पण गेलो असतो न् हे तुमचे सुहासराव पण."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे हसत होते.

"मी बोललो नव्हतो का शेठ?" हे म्हणाले. "वर मागणी आपणच करायची, म्हणजे कोणाला संशय नाय. आणि घरात नुसतं अनुपमा अनुपमा करत राहायचं. बाकीचं आमची ही बघते."

शेठ गेल्यावर मी विचारलं, "म्हणजे ती तुम्हाला कधी आवडलीच नव्हती?"

"छे गो," हे पेढा मोडत म्हणाले. "कॉलेजात धड बोललो पण नाय तिच्याशी."

हेच एक वाक्य ऐकायला मी इतके दिवस जळत होते. ऐकलं, आणि वाटलं, आवडली असती तर फार बरं झालं असतं. निदान चौकशी तरी ह्यांनी मनापासून मागितली असती.